टेकडीला बावीस, पेठेला आठ

“भाषण झकास आहे,” मुकुंदभाऊ म्हणाले आणि बशीतल्या चहावर फुंकर घालत त्यांनी माझे कागद बाजूला सारले. “पण ऐकून राग येत नाही.”

“कुणाचा?”

“कुणाचाच येत नाही. हीच तर पंचाईत आहे.”

देवखडकीच्या पेठेतलं एक कापडाचं दुकान बंद पडलं होतं, तिथं त्यांचं प्रचार कार्यालय होतं. जिथं पूर्वी लुगडी रचलेली असायची त्या फळ्यांवर आता पत्रकांचे गठ्ठे होते. मुकुंदभाऊ कडलगांचा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा. नगराध्यक्षपदाला ते दुसऱ्यांदा उभे होते. पहिल्या खेपेला थोडक्यात पडले होते, आणि पडलेला माणूस किती अभ्यास करतो हे मला त्या महिन्यात कळलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. वक्तृत्व स्पर्धांच्या अकरा ढाली घरातल्या फळीवर ओळीनं मांडलेल्या होत्या आणि एकाही ढालीनं मला नोकरी लावली नव्हती. तलाठी, ग्रामसेवक, बँक, शाळा, सगळीकडे अर्ज करून झाले होते. ज्यांना चारचौघांत स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, अशा मुली कुणाच्या तरी ओळखीनं चिकटल्या होत्या. त्यामुळे राग कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुकुंदभाऊंच्या आधी दहा मिनिटं मी बोलायचं आणि ते निवडून आले की नगरपालिकेत माझं काम पक्कं, असा आमच्यातला शब्द होता.

विषय पाण्याचा होता. देवखडकीला दुसरा विषयच नव्हता. नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं, तेही दीड तास. मी आठवडाभर खपून सगळं जमवलं होतं. टाकी केव्हा बांधली, वस्ती किती वाढली, नवी योजना कोणकोणत्या टेबलांवर अडून बसली, गळती किती.

“ही झाली माहिती,” मुकुंदभाऊ म्हणाले. “माहितीनं जांभया येतात. योजना, टाकी, फाईल... यांच्या अंगावर जाता येतं का कुणाला? नऊ दिवस रिकामी कळशी बघणाऱ्या बाईला समोर माणूस दिसला पाहिजे. हाडामासाचा.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तुझे वडील वॉलमन ना?”

“हो.”

“टेकडीवर पाणी जास्त जातं अशी कुजबुज आहे पेठेत. खरं का?”

“नाही हो. अगदी सारखं जातं.” मला तात्यांची बाजू मांडायला नेहमीच आवडायचं, आणि तिथंच माझं चुकलं. “वॉल मात्र सारखे उघडत नाहीत. टेकडीचा बावीस फेरे आणि पेठेचा आठ.”

मग मी उत्साहानं सगळंच सांगितलं. टाकीकडून आलेली वाहिनी वेशीपाशी दुभंगते. एक फाटा उताराला पेठेत जातो, दुसरा चढाला टेकडीवर. दोन्ही वॉल पूर्ण सोडले तर सगळं पाणी उताराला धावतं आणि टेकडीच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. म्हणून तात्या पेठेचा वॉल आठ फेऱ्यांवर आवळून धरतात. हा आकडा त्यांना कुणा इंजिनियरनं दिला नव्हता. नोकरीची पहिली दोन वर्षं ते पाण्याच्या दिवशी सायकलवर वरखाली करायचे. पेठेच्या शेवटच्या नळाखाली बादली लावायची, मोठ्यानं अंक म्हणायचे, मग टेकडीच्या शेवटच्या नळाखाली तीच बादली लावून पुन्हा अंक म्हणायचे. दोन्हीकडे बादली सारख्या अंकांना भरायला लागली, तेव्हा कुठं हे बावीस-आठचं माप ठरलं. तात्यांना आयुष्यात अभिमान वाटावा अशी ती एकच गोष्ट होती. मी दुसरी, असं ते म्हणायचे.

मुकुंदभाऊंनी सगळं मान डोलावत ऐकलं. एका पत्रकाच्या पाठीवर त्यांनी दोन आकडे लिहून घेतले. बाकीचं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवं भाषण घेऊन गेले. आकडे घातले होते आणि त्यांच्या खाली कारणही घातलं होतं, चांगलं तीन ओळींचं. मुकुंदभाऊंनी लाल पेन काढलं आणि त्या तीन ओळींवर सरळ रेघ मारली.

“भाऊ, मग अर्थच उलटा होतो.”

“ज्योत्स्ना, कारण सांगितलं की माणूस शांत होतो. आणि शांत झालेला माणूस मतदानाच्या दिवशी घरी झोपतो.”

“पण हे तात्यांवर शेकेल.”

“वॉलमनला कोण विचारतंय? तो हुकमाचा ताबेदार. आपण खुर्चीवर बसलेल्यांबद्दल बोलतोय. लोकांना एवढं कळत नाही का?”

लोकांना एवढं कळतं असं मी मानून घेतलं. मानून घेणं मला सोयीचं होतं. आज अठरा वर्षांनी मला कुणी विचारलं की तुला तेव्हा खरोखर कळत नव्हतं का, तर मला खाली बघावं लागेल. पेठेत नगराध्यक्ष कुणी पाच वर्षांतून एकदा बघायचं. इंजिनियर जिल्ह्याच्या गावी राहायचा. पाण्याचा म्हणून एकच चेहरा सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो दर नवव्या दिवशी वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्याला लावून सायकलवरून यायचा.

रविवारी संध्याकाळी पेठेच्या चौकात सभा झाली. मी सुरुवात हळू केली. कळशी, हंडा, रांग, आजारी सासू, शाळेत उशिरा जाणारी मुलगी. बायका माना हलवत होत्या. मग मी थांबले. थांबायचं कुठं, हे मला अकरा ढालींनी शिकवलं होतं.

“टेकडीचा वॉल किती फेरे उघडतात ठाऊक आहे? बावीस! आणि पेठेचा?”

चौकातल्या माना वर झाल्या.

“आठ!”

पहिल्यांदा नुसता हुंकार उठला. मग कुणीतरी मागून ओरडलं, “टेकडीला बावीस!” आणि सगळ्या चौकानं उत्तर दिलं, “पेठेला आठ!” असं तीनचारदा झालं. लोक उभे राहिले. ओट्यावर सिंधूकाकू गुजर उभ्या होत्या. पाण्याच्या दिवशी तात्यांना वॉलपाशी चहा आणून देणाऱ्या, आई गेली तेव्हा तेरा दिवस आमच्याकडे डबा पाठवणाऱ्या. त्या मूठ वर करून ओरडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काय वाटलं ते सांगते. मला फार आनंद झाला. दोन वर्षं ज्या गावानं मला दारात उभं केलं नव्हतं, ते गाव माझ्या एका शब्दावर उठून उभं राहिलं होतं.

घरी आले तर तात्या भाकरी थापत बसले होते. प्रचाराच्या दिवसांत स्वयंपाक त्यांनीच अंगावर घेतला होता. घरात आम्ही दोघंच.

“आवाज काय लागला तुझा आज,” ते म्हणाले. “पार टाकीपातुर आलं ऐकू.”

मी पाट मांडला. त्यांनी मला वाढलं, स्वतःचं वाढून घेतलं, दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “उंचीचं तेवढं सांगायचं ऱ्हायलं गं.”

“हो तात्या. टाळ्यांत राहून गेलं.”

“ऱ्हातं. बोलता बोलता माणसाचं ऱ्हातं.” त्यांनी मला आणखी अर्धी भाकरी वाढली. “बुधवारी पाण्याचा दिस हाये. त्याच्या आत सांगून टाक. येकदा समजलं का लोक काय वाईट नसत्यात. सांगशील ना?”

“मंगळवारच्या सभेत सांगते.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि निवांत जेवले.

दोन दिवसांत त्या आकड्यांना पाय फुटले. रिक्षावरच्या भोंग्यातून तेच, भिंतीवर तेच. शाळेच्या पटांगणात पोरं दोन रांगा करून तेच ओरडायची. टेकडीवर दगडखाणीत राबणारी माणसं राहायची. त्यांचे आजे कधीकाळी कर्नाटकाकडून आले होते. पेठेच्या लेखी ती अजूनही बाहेरचीच. सोमवारी टेकडीवरची दोन माणसं दळण घेऊन पेठेतल्या गिरणीत आली, तर त्यांचं दळण कुणी लावून घेईना. गिरणीवाला म्हणाला, “बावीस फेऱ्याचं पाणी पिता ना? मग ते पिठात मळा जा.” हे मला कार्यालयात कुणीतरी हसत हसत सांगितलं. मीही थोडी हसले.

मंगळवारच्या सभेला तात्या येतील असं मला वाटलं नव्हतं. ते कधीच सभेला जायचे नाहीत. पण मी स्टेजवर चढले आणि पानटपरीच्या बाजूला ते दिसले. लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा त्यांनी घातला होता. शेजारी पाण्याच्या पंपावरचे शेख आणि टेकडीवरचे यल्लप्पा. यल्लप्पा टेकडीच्या शेवटच्या नळाजवळ राहायचे. बादली लावून मापं घ्यायच्या दिवसांपासूनची त्यांची तात्यांशी दोस्ती होती. तात्या त्या दोघांना हातानं दाखवून काहीतरी सांगत होते. काय सांगत असतील ते मला तिथूनही कळलं. आज माझी पोरगी सगळं उलगडून सांगणार आहे, बघा.

मी माईक हातात घेतला. ठरवून आले होते. तीन ओळी पाठ होत्या.

“टेकडीला बावीस फेरे का...” मी सुरुवात केली.

“टेकडीला बावीस!” चौक ओरडला.

“थांबा, मी सांगते का ते...”

“पेठेला आठ!”

मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. लोक मला गप्प करत नव्हते. ते माझं कौतुक करत होते, माझंच वाक्य मला परत देत होते. समोरचे चेहरे इतके खूश होते की त्या खुशीत दगड टाकायचं माझ्या जिवावर आलं. मुकुंदभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हळूच म्हणाले, “बास, आता मी बघतो,” आणि माईक घेतला. मी तो घट्ट धरून ठेवू शकले असते. एवढासा तर होता. मी सोडून दिला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि मुकुंदभाऊ “टेकडीवरचे हे आहेत तरी कोण? आले कुठून?” असं विचारू लागले तेव्हा बाकीच्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

पुन्हा पानटपरीकडे पाहिलं तर तिथं फक्त तात्या उभे होते. शेख आणि यल्लप्पा निघून गेले होते.

घरी ते माझ्या आधी पोचले होते. सदरा काढून घडी घालत होते. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, असंही वाटलं. ते म्हणाले, “गर्दी लई व्हती. बोलूच देईनात तुला.”

मला लागणारी सबब त्यांनीच मला आणून दिली आणि मी ती घेतली.

बुधवारी सकाळी सहाला ते निघाले, तेव्हा मीही निघाले. “तू कशाला?” ते म्हणाले, पण अडवलं नाही. सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत आले. वाटेत एकदा म्हणाले, “चहाला सिंधूबाईकडं जाऊ. खूश व्हईल तुला बघून.”

वेशीपाशी वॉलच्या खड्ड्याभोवती साठसत्तर माणसं होती. बायकांच्या कडेवर कळशा, पुरुष हाताची घडी घालून. सिंधूकाकू पुढेच होत्या. चहा नव्हता.

“तात्या,” त्या म्हणाल्या, “आज आमचं बावीस सोडायचं.”

“सिंधूबाई, तसं न्हाई व्हत ते.”

“का न्हाई व्हत? सव्वीस वर्सं तुमाला चा पाजला. आमी काय पाप केलं? टेकडीवाले तुमाला काय देत्यात?”

“आवो, कोण काय देतंय?” तात्या खरंच गोंधळले होते. सायकल भिंतीला लावून ते समजावू लागले. उतार, चढ, बादली. हातानं उतार करून दाखवत होते. “तुमचं बावीस सोडलं तर वर थेंब जायाचा न्हाई. आन् तुमची खालची पायपं जुनी हायेत, त्यांना यवढा जोर सोसायचा न्हाई. फुटली तर तुमीबी कोरडे ऱ्हाल.”

“झालं, सुरू झाली कारणं!” कुणीतरी म्हणालं.

मग तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. आपल्याकडे काय आहे याची आठवण व्हावी तसा.

“माझं जाऊ द्या,” ते लोकांना म्हणाले. “मला सांगता येत न्हाई. ही सांगंल. हिचं तर आयकता ना तुमी? सांग गं, ज्योत्स्ना. तुला जमतं.”

मी खड्ड्याच्या कठड्यावर चढले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. त्या तीन ओळी सांगितल्या आणि त्यांच्या पुढचंही सांगितलं. बावीस आणि आठ हे फेरे आहेत, पाणी नव्हे. पाणी दोन्हीकडे सारखंच जातं, हवं तर आत्ता दोन बादल्या लावून बघा. रविवारी मी अर्धंच बोलले, ती माझी चूक झाली, मला माफ करा. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोलले नसेन. हात जोडले होते, आवाज कापत होता, तरी एकही शब्द अडला नाही.

आणि लोक ऐकत होते. देवाशपथ सांगते, ऐकत होते. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “आसं हाय व्हय ते.” सिंधूकाकूंनी कडेवरची कळशी खाली ठेवली. तात्या चावी हातात घेऊन हसले.

तेवढ्यात मुकुंदभाऊंची जीप आली.

ते रागावून आले नाहीत. गर्दीतून वाट काढत ते सरळ माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी इतक्या जवळ होते की ते पाणी खरं होतं हे मी सांगू शकते.

“बघा,” ते लोकांकडे वळून म्हणाले. “या लेकीचा चेहरा बघा. ही रविवारी सिंहिणीसारखी बोलली. आज हात जोडून माफी मागतेय. हिच्यावर ही वेळ कुणी आणली? बापाच्या नोकरीची धमकी देऊन पोरीच्या तोंडून वदवून घेतात, इथवर मजल गेली यांची! घाबरू नकोस बेटा. सगळी पेठ तुझ्या पाठीशी आहे.”

“मला कुणी धमकी दिली नाही!” मी ओरडले.

“बिचारी,” एक बाई म्हणाली. “किती भ्यालीय.”

मी ओरडत राहिले. जितकी ओरडले तितकी त्यांना माझी कीव येत गेली. सिंधूकाकूंनी मला कठड्यावरून खाली घेतलं, पोटाशी धरलं, माझं तोंड आपल्या पदरात दाबलं. म्हणाल्या, “नको बोलू पोरी, आमाला समजलं.” त्या मिठीतून मला सुटता येईना. मला फक्त ऐकू येत होतं. “चावी घ्या त्याच्याकडनं!” आणि तात्यांचा आवाज, “जोर लावू नका, दांडा तुटंल, मी देतो, मी देतो.” मग लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज आणि तात्यांची किंकाळी. माझ्या बापाला मी तोवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

झटापटीत चावी फिरली होती आणि तिच्या आडव्या दांड्याखाली त्यांचं मनगट सापडलं होतं. ते खड्ड्याच्या कडेला हात पोटाशी धरून बसले होते, आणि चारपाच जण त्यांच्या डोक्यावरून वाकून पेठेचा वॉल उघडत होते. गर्दी मोठ्यानं मोजत होती. नऊ, दहा, अकरा. बावीसला टाळ्या झाल्या. टेकडीचा वॉल कुणीतरी पुरता बंद करून टाकला.

पेठेला पाणी जोरात आलं. जेमतेम दहा मिनिटं. मग खालच्या आळीत जुना सांधा फुटला आणि रस्त्यातून गुडघाभर लोट वाहिला. बायका त्यात कळशा बुडवत होत्या, पण सगळा चिखल. त्यानंतर दोन आठवडे गावात कुणालाच नळाचं पाणी मिळालं नाही, ना पेठेला, ना टेकडीला. मला वाटलं, आता तरी लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल. गुरुवारच्या सभेत मुकुंदभाऊ म्हणाले, “पाईपसुद्धा सडका दिला पेठेला!” त्या सभेइतकी गर्दी देवखडकीत पुन्हा कधी झाली नाही. मी गेले नव्हते. मला ती घरात, तात्यांच्या उशाशी बसून ऐकू आली.

मुकुंदभाऊ दणदणीत मतांनी निवडून आले. तात्यांचं मनगट वाकडंच जुळलं. चावी फिरवायचा जोर त्यात पुन्हा आला नाही. त्यांच्यावर चौकशी लागली आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांना घरी बसवलं. वर्षभरानं मला नगरपालिकेत कंत्राटी लिपिक म्हणून घेतलं. मी जाणार नव्हते. तात्याच मागे लागले. “रागावून भाकरी मिळती का?” म्हणाले. नवा वॉलमन आला, तरणा होता. पहिल्याच महिन्यात त्यानं वरखाली हेलपाटे घातले आणि टेकडीचा वॉल बावीस फेरे, पेठेचा आठ ठेवला. टेकडी काही खाली आलेली नव्हती. मुकुंदभाऊंना ते ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पेठेतल्या बायका माझ्याशी फार मायेनं वागायच्या. तात्यांशी कुणी बोलत नसे. शिवीगाळ नाही, भांडण नाही. ते रस्त्यानं जायला लागले की ओट्यावरच्या गप्पा थांबायच्या, एवढंच. मग ते मागच्या बोळानं जाऊ लागले, आणि पुढे पुढे तेही बंद केलं. टेकडीवर जाणंही त्यांनी सोडलं होतं. यल्लप्पा एकदा येऊन गेले. तात्या त्यांच्यासमोर मान खाली घालून बसून राहिले, आणि ते पुन्हा आले नाहीत. मला वाटायचं, माझ्यामुळे त्यांना लाज वाटते.

नोकरीला चार वर्षं झाल्यावर जुन्या फायली नव्या कपाटात लावायचं काम माझ्याकडे आलं. त्यात तात्यांच्या चौकशीची फाईल निघाली. मी ती उघडायला नको होती.

आत इंजिनियरचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की वॉलमन वाघचौरे यांची पद्धत तंत्रदृष्ट्या योग्य आहे, दोन्ही भागांना समान पाणी मिळत होतं, सबब त्यांना निर्दोष ठरवावं. त्या पत्रावर ते सुटले असते. पण पत्राच्या मागे, त्यानंतरच्या तारखेचा, तात्यांचा कबुलीजबाब लावलेला होता. अक्षर त्यांचंच. मनगट मोडल्यामुळे डाव्या हातानं लिहिलेलं, लहान मुलासारखं मोठं आणि वेडंवाकडं.

“मी रंगनाथ वाघचौरे लिहून देतो की मी टेकडीच्या लोकांकडून चहापाणी घेऊन त्यांना जास्त पाणी सोडत होतो. पेठेवर अन्याय केला. यात माझी मुलगी ज्योत्स्ना हिचा काही दोष नाही. तिने सभेत सांगितले ते सर्व खरे आहे. बुधवारी ती जे बोलली ते मी तिला बोलायला लावले होते. तरी तिला नोकरीत घ्यावे, ही विनंती.”

खाली साक्षीदार म्हणून मुकुंदभाऊंची सही होती.

मी तो कागद दोनदा वाचला. मग फाईल बांधली आणि नंबर घालून कपाटात ठेवली, कारण शेजारच्या टेबलावरून लोक बघत होते.

संध्याकाळी घरी गेले ती त्यांचे पाय धरायचे असं ठरवून. ते दाराशी बसले होते. मला बघून उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पाणी आणून दिलं. मी भांडं हातात धरून उभी राहिले. शब्द येईना. अकरा ढाली मिळवलेल्या बाईला एक शब्द येईना.

माझा चेहरा बघून ते घाबरले. जवळ आले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काय झालं गं? ऑफिसात लोक नीट बोलत्यात ना तुझ्याशी?”

“हो तात्या,” मी म्हणाले. “सगळे फार नीट बोलतात.”

“मंग झालं तर,” ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.